गुलाल की काव? घरच्या प्रिंटचा रंग पाहण्यासाठी स्वस्तातला दिवा : कोल्हापुरातलं एक प्रकरण

शिवाजी पेठेतलं जुनं दुमजली घर. वरच्या खोलीत सहा शाईंचा ए४ इंक-टँक प्रिंटर, शेजारी मॉनिटर, भिंतींना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, छताजवळ २० वॅटची एलईडी ट्यूब. घरातला मुलगा दिवसा नोकरीवर, त्यामुळे प्रिंटचं काम रात्री नऊनंतर. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर काढलेला एक फोटो चार नातेवाइकांना द्यायचा होता : सासनकाठी, गुलालानं माखलेली माणसं, मागे पांढरट आकाश. पहिला प्रिंट ट्यूबखाली धरला तर काळपट दिसला आणि गुलाल मातकट. आजीनं चष्मा लावून निरखून पाहिलं आणि विचारलं, "आरं, ह्यो गुलाल हाय का काव?"

मग नेहमीचा खेळ सुरू झाला. फाइलचा उजेड वाढवला, मॅजेंटा (जांभळट गुलाबी) वाढवला, लाल थोडा चढवला. तिसऱ्या प्रिंटला गुलाल ट्यूबखाली जमला. सकाळी तोच कागद गॅलरीत नेला तर चेहरे चोळून लाल केल्यासारखे आणि आकाश गुलाबी. रात्री पुन्हा उलट दुरुस्ती. चार रात्रींत ११ ग्लॉसी कागद वाया गेले, दोनदा हेड क्लीनिंग झालं आणि शाईची कंपनी बदलायची भाषा सुरू झाली.

शाई बदलण्याआधी एक साधी तपासणी करायची असते, ती इथे पाचव्या दिवशी झाली. पहिला, म्हणजे फाइलला हात न लावता काढलेला प्रिंट आणि तिसरा प्रिंट, दोन्ही सकाळी अकराच्या सुमारास उत्तरेच्या खिडकीपाशी शेजारी-शेजारी ठेवले. थेट ऊन कागदावर नव्हतं. पहिला प्रिंट जवळजवळ बरोबर दिसला, तिसरा उघड गुलाबी. म्हणजे प्रिंटर, शाई आणि प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल) निर्दोष. खोट रात्रीच्या उजेडात. पहिला प्रिंट खिडकीतही बिघडलेला दिसला असता तर गोष्ट वेगळी होती. मग नोझल चेक, ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार आणि आयसीसी प्रोफाइल हे तपासावं लागलं असतं, आणि कितीही चांगला दिवा आणून फरक पडला नसता.

उजेड किती आहे, हे आधी मोजा

दिव्याचं बोलणं निघालं की लोक लगेच सीआरआयवर, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याच्या आकड्यावर, जातात. या घरात मोठी चूक सीआरआयची नव्हतीच. ती उजेडाच्या प्रमाणाची होती, आणि ती मोजायला लक्समीटर लागत नाही. १८ टक्के करडं कार्ड (पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के परत टाकणारं) टेबलावर प्रिंटच्या जागी ठेवायचं, कॅमेऱ्याची चौकट कार्डानं पूर्ण भरायची, आयएसओ ४०० आणि एफ/४ ठेवून मीटर कोणता शटर सांगतो ते पाहायचं. १/६० आला तर कार्डावर साधारण ५२० लक्स आहेत (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप). १/३० म्हणजे २६०, १/१५ म्हणजे १३०. आपली सावली कार्डावर पडू द्यायची नाही, एवढं पथ्य.

इथे १/१५ आला. म्हणजे १३० लक्स.

तीच युक्ती पडद्याला. मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडून, लेन्स फोकसबाहेर करून, चौकट पांढऱ्यानं भरायची. आयएसओ ४००, एफ/४ ला १/२५० म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२५ कँडेला (पडद्याच्या किंवा कागदाच्या तेजाचं माप), १/५०० म्हणजे २५०. या मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरावर होता आणि मीटरनं १/५०० दाखवला.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवू. कागदाचा पांढरेपणा काढायला लक्सला कागदाच्या परावर्तनानं (फोटो पेपरचं साधारण ०.९) गुणायचं आणि ३.१४ नं भागायचं. १३० लक्सला उत्तर येतं ३७ कँडेला. पडद्यावरचा पांढरा २५०, कागदावरचा ३७ : जवळजवळ पावणेतीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). डोळा जुळवून घेतो हे खरं, पण एवढा नाही. पडद्यावरून मान वळवून कागदाकडे पाहिलं की प्रिंट काळपटच वाटणार. फाइल अंधारी नव्हती. आणि कमी उजेडात गडद, भडक रंग आपल्याला मुळातच मळकट दिसतात, हा गुलालावरचा पहिला घाव.

छपाईच्या व्यवसायात प्रिंट कोणत्या उजेडात पाहावा याचं प्रमाण आयएसओ ३६६४ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेलं आहे; २००९ च्या आवृत्तीत बारकाईनं तुलना करायला २००० लक्स आणि नेहमीच्या पाहणीला ५०० लक्स, तेही १२५ कमी-जास्त चालतील असं. दोन्हीसाठी उजेड डी५० जातीचा, म्हणजे सुमारे ५००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाचं रंग-तापमान; आकडा कमी तेवढा उजेड पिवळा). घरात २००० लक्सच्या मागे लागू नये. तेवढ्या लख्ख उजेडात सावल्यांमधला सगळा तपशील दिसतो, आपण खूश होतो, आणि दिवाणखान्यात टांगल्यावर त्याच सावल्या काळ्या ठिक्कर होतात. इथे लक्ष्य ठरवलं सुमारे ४०० लक्स. हिशेबानं कागद ११५ कँडेला होतो, आणि कोणताही बरा मॉनिटर ११० ते १२० वर आरामात बसतो.

भिंत आणि ट्यूब

पिस्ता भिंतीचा वाटा किती हे पाहायला घरातलं काळं घोंगडं कामाला आलं. टेबलामागच्या भिंतीवर ते टांगून आणि काढून, एकाच पांढऱ्या वस्तूचे दोन रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेले) फोटो घेतले. ही पांढरी वस्तू कोणती हे महत्त्वाचं आहे. झेरॉक्सचा कागद चालत नाही, कारण त्यात निळसर चमक देणारं रसायन असतं. नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप मात्र या कामाला उत्तम : आठ-दहा थर एकावर एक देऊन पुठ्ठ्यावर गुंडाळली की वीस-तीस रुपयांत तटस्थ पांढरा मिळतो. घोंगडं नसताना टेपवर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवला की टिंटचा (हिरवा-मॅजेंटा तोल सांभाळणारा) स्लायडर मॅजेंटाकडे आणखी सरकत होता. म्हणजे भिंत कागदावर हिरवट झाक टाकत होती. हिरवट उजेडात मॅजेंटा मरतो. दुसरा घाव.

तिसरा ट्यूबचा. खोक्यावर "कूल डे लाइट, ६५०० केल्विन, सीआरआय ८० पेक्षा जास्त". सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगनमुन्यांची सरासरी असतो. भडक लाल हा नववा नमुना, आर९, त्या सरासरीत धरतच नाहीत. साधी पांढरी एलईडी म्हणजे ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणारा फॉस्फरचा लेप. निळा आणि हिरवा यांच्यामध्ये, ४८० च्या जवळ, प्रकाशाला खळगा असतो आणि ६२० च्या पुढचा गडद लाल फार कमी. अशा दिव्याचा सीआरआय ८० असूनही आर९ शून्याच्या आसपास असू शकतो, कधी उणेसुद्धा. कातडीचा रंग, कुंकू, गुलाल या सगळ्यांना नेमका तोच लाल लागतो. स्वयंपाकघरातलं लाल तिखट अशा ट्यूबखाली आणि खिडकीत पाहा. ट्यूबखाली ते तपकिरी दिसेल.

पर्याय आणि त्यांची झाडाझडती

खर्चाची मर्यादा ३,००० रुपये होती.

खिडकी फुकट आहे आणि तिचा प्रकाश अखंड आहे. चित्रकार स्टुडिओला उत्तरेची खिडकी मागत आले ते उगाच नाही. पण इथलं काम रात्रीचं, आणि जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ढग असे की दुपारी बारालाही खिडकीतला उजेड तासातासाला बदलतो. शेवटची खातरजमा करायला खिडकी राखून ठेवली, रोजच्या कामाला नाही.

जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन असा सल्ला हमखास मिळतो, कारण त्याचा सीआरआय जवळजवळ १०० असतो. सल्ला फसवा आहे. सीआरआय ठरवताना दिव्याची तुलना त्याच्याच तापमानाच्या आदर्श प्रकाशाशी होते. २७०० केल्विनचा दिवा २७०० च्या परीक्षेत पहिला आला एवढाच त्याचा अर्थ. त्या पिवळ्या उजेडात निळ्या छटांमधले फरक बुजतात आणि फिकट पिवळा कागदाच्या पांढऱ्यात विरघळतो.

छापखान्यात वापरतात त्या ९५० जातीच्या (सीआरआय ९० च्या वर, ५००० केल्विन) फ्लुरोसंट नळ्या रंगाला चांगल्या, पण आता एकदोन नग मिळवणं त्रासाचं, चोक वेगळा, तापून स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं आणि फुटली तर पारा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडचा व्हिडिओ एलईडी पॅनेल हा पर्याय मात्र खरोखर चांगला. सीआरआय ९५ च्या वरचा असेल आणि घरात आधीच असेल, तर दुसरं काही घेऊ नका. ५००० वर लावा आणि वर टांगा. या घरात तो नव्हता, नवीन घेऊन स्टँडसकट बजेट ओलांडत होतं.

उरली १२ व्होल्टची एलईडी पट्टी. तीच घेतली, पण पहिल्या फेरीत चुकीची.

दुकानात "नॅचरल व्हाइट" मागितलं आणि पीओपीच्या छतात लावायची सजावटीची पट्टी मिळाली. आपल्या बाजारात नॅचरल व्हाइट म्हणजे ४००० केल्विन, आणि सजावटीच्या पट्टीवर सीआरआय छापलेलाच नसतो. वर ती पाण्यापासून बचावाच्या सिलिकॉननं मढवलेली. त्या थरानं मूळ रंग बदलतो. परत केली. दुसऱ्या वेळी ऑनलाइन मागवताना चार गोष्टी नक्की केल्या : ५००० केल्विन, सीआरआय ९५ किंवा वर आणि आर९ चा आकडा स्वतंत्र लिहिलेला, ८० च्या वर, सिलिकॉन नसलेली उघडी पट्टी, मीटरला १४.४ वॅट. आर९ विचारल्यावर विक्रेता गप्प बसला तर पुढचं दुकान पाहावं.

आलेली पट्टी बसवण्याआधी तपासली. टेफ्लॉन टेपचा रॉ फोटो दुपारच्या उन्हात घेतला, मग पट्टीखाली घेतला, दोन्हींच्या टिंटची तुलना केली. फरक पाचच्या आत आला. दहापेक्षा जास्त मॅजेंटा द्यावा लागला असता तर पट्टी हिरवट समजून परत पाठवली असती. सीआरआय ९५ असलेला दिवाही हिरवट असू शकतो, तो आकडा झाक सांगत नाही. मग जुन्या सीडीच्या पाठीवर पट्टीचं प्रतिबिंब तिरकं धरून रंगपट्टा पाहिला. ट्यूबच्या पट्ट्यात निळ्यानंतर काळसर फट स्पष्ट दिसत होती आणि लाल टोक लवकर विझत होतं. नव्या पट्टीची फट उथळ आणि लाल लांबवर गेलेला. ही मोजणी नव्हे, पण फसवणूक पकडायला पुरते. शेवटी वाटीत लाल तिखट, शेजारी कोल्हापुरी चपलेचं कातडं आणि आपला तळहात. खिडकीत आणि पट्टीखाली तिन्ही सारखे दिसले.

जोडणी

पट्टीचे ६० सेंटिमीटरचे दोन तुकडे, कात्रीची खूण असते तिथेच कापलेले. दोन्ही अॅल्युमिनियम चॅनेलमध्ये चिकटवले, वर दुधी झाकण. चॅनेल शोभेसाठी नाही. उष्णता बाहेर गेली नाही तर डिंक सुटतो आणि फॉस्फर लवकर म्हातारा होऊन रंग सरकतो. दुधी झाकणानं उजेड किंचित पिवळसर होतो, म्हणून टिंटची तपासणी झाकण लावून पुन्हा केली.

एकूण १.२ मीटर गुणिले १४.४, म्हणजे सव्वासतरा वॅट. सीसीटीव्हीसाठी मिळणारा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर २४ वॅटचा असतो, तो पुरला आणि गरम झाला नाही. दोन्ही तुकडे समांतर जोडायचे, एकामागून एक नाही, आणि लाल-काळी तार उलटी झाली तर पट्टी पेटत नाही एवढंच.

उंची हिशेबानं काढली. मीटरला साधारण १००० ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) धरले तर १२००, झाकणात पाव भाग जातो, उरतात ९००. तेवढ्यावर ८० सेंटिमीटर उंचीवरून टेबलावर ४०० लक्सच्या जवळपास पडतात. उद्यमनगरातून ३५ सेंटिमीटरचे दोन लोखंडी अँगल कापून आणले, भिंतीत ठोकले, चॅनेल प्रिंटच्या बरोबर डोक्यावर येतील असे बसवले. डोक्यावरच का? ग्लॉसी कागद टेबलावर सपाट असतो आणि आपण समोरून ४५ अंशांत पाहतो. दिवा पलीकडच्या भिंतीवर खाली लावला तर त्याचं प्रतिबिंब थेट डोळ्यात येतं आणि काळा रंग राखाडी दिसतो. बसवल्यावर करड्या कार्डावर १/५० आला, सुमारे ४३५ लक्स. कार्ड ए४ च्या चारही कोपऱ्यांत सरकवून पाहिलं, फरक पाव स्टॉपच्या आत.

सुरुवातीला मध्ये एक स्वस्त डिमर घातला होता. १/५०० शटरला फोटोत काळे पट्टे आले : डिमर पट्टीला भराभर चालू-बंद करत होता. काढून टाकला. उजेड कमी-जास्त करायचा तर अँगलला दोन-तीन भोकं जास्त पाडून उंची बदलावी.

टेबलावर पुठ्ठा आणि मागच्या भिंतीवर ६० सेंटिमीटर उंचीपर्यंत प्लाय, दोन्हींना मॅट करडा डिस्टेंपर. पांढऱ्यात नुसता काळा स्टेनर घातला तर करडा निळसर होतो. पिवळ्या गेरूचे थेंब घालत टेफ्लॉन टेपच्या शेजारी फोटो काढून तो तटस्थ केला. भिंत सगळी रंगवायची गरज पडली नाही, प्लायनं पिस्ता झाकला.

पट्टीचा ५ मीटरचा रोल १,५०० च्या आसपास, अडॅप्टर २५०, चॅनेल ३५०, अँगल-तार-डाग (सोल्डरिंग) २००, रंग आणि प्लाय २५० : सगळं मिळून अंदाजे २,५५० रुपये. उरलेली पट्टी फेकली नाही. पुढे एखादा तुकडा बिघडला तर त्याच बॅचचा हाताशी असलेला बरा.

वापरताना

ट्यूब बंद. हा नियम पहिल्या आठवड्यात दोनदा मोडला गेला आणि दोन्ही वेळा "नवा दिवाही हिरवट आहे" अशी तक्रार झाली. मॉनिटर १/२५० वर आणला, म्हणजे ब्राइटनेस शंभरावरून चाळिशीत गेला. दोन दिवस तो मंद वाटला, मग सवय झाली. दिवा लावल्यावर डोळ्यांना तीन-चार मिनिटं द्यायची. भडक शर्ट घालून टेबलावर वाकायचं नाही, त्याचा रंग कागदावर पडतो.

ताजा प्रिंट लगेच जोखायचा नाही. डाय शाई सुकताना रंग थोडा सरकतो. किमान अर्धा तास, पावसाळी दमट हवेत रात्रभर. कालच्या प्रिंटची आत्ता निघालेल्याशी तुलना म्हणजे पुन्हा कागद वाया.

एक फरक दिव्यानं मिटत नाही. बहुतेक फोटो पेपरमध्ये अतिनील किरण शोषून निळा प्रकाश देणारी रसायनं कमी-अधिक असतात. खिडकीत ती जागी होतात, निळ्या चिपच्या एलईडीखाली अतिनील जवळजवळ नसल्यानं झोपून राहतात. म्हणून तोच कागद खिडकीत निळसर पांढरा आणि पट्टीखाली किंचित सायीच्या रंगाचा दिसतो. हे पिवळेपण फाइलमध्ये दुरुस्त करायचं नाही. त्याच पाकिटातला कोरा कागद शेजारी ठेवून त्याच्याशी तुलना करायची. आपल्या कागदात ही रसायनं किती, हे दुकानातल्या नोटा तपासायच्या दिव्याखाली अंधारात धरलं की कळतं.

जोतिबाचा फोटो नव्या दिव्याखाली पहिल्या, न दुरुस्त केलेल्या फाइलमधूनच काढला. फक्त एक तृतीयांश स्टॉप उजेड वाढवावा लागला, मॅजेंटा आणि लालची एकही दुरुस्ती लागली नाही. दुसऱ्या कागदावर काम झालं. चेहरे खिडकीत आणि पट्टीखाली सारखे. गुलाल सुधारला, पण यात्रेत डोळ्यांनी पाहिला तेवढा पेटला नाही, आणि तो पेटणारही नाही. झगझगीत गुलाबी गुलालात बहुधा फ्लुरोसंट रंग असतो. तो दुसरे किरण शोषून गुलाबी प्रकाश स्वतः बाहेर टाकतो. प्रिंटरची मॅजेंटा शाई नुसती परावर्तन करते. इथे मॅजेंटाचा स्लायडर ओढत बसलं की गुलालातला तपशील सपाट होतो आणि शेजारचे चेहरे बिघडतात, एवढंच हाती लागतं.

चारपैकी एक प्रिंट मावशीच्या घरी जायचा होता. तिथे दिवाणखान्यात ३००० केल्विनचे बल्ब आणि भिंतीवर जेमतेम शंभर लक्स. तो प्रिंट आधी घरच्याच देवघराजवळच्या पिवळ्या बल्बखाली, तेवढ्याच मंद उजेडात पाहिला. रंगांना हात लावला नाही, ऊबदार उजेडाला डोळा जुळतो. फक्त सावल्या थोड्या उचलून आणखी एक कागद खर्च केला. त्याच फोटोचा कृष्णधवल प्रिंट मात्र दोन दिव्यांखाली दोन रंगांचा निघाला, पट्टीखाली तटस्थ आणि पिवळ्या बल्बखाली लालसर, कारण सहा शाईंचा हा प्रिंटर राखाडी छटा रंगीत शाया मिसळून बनवतो. त्यावर या बजेटमध्ये एकच उपाय उरला : प्रिंट जिथे टांगायचा त्या दिव्याखाली राखाडी जुळवायचा आणि फाइलला त्या खोलीचं नाव द्यायचं.